दम लागतो, मग हलायचं कसं? फुफ्फुसाच्या जुनाट आजारात रोजची हालचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा आजार), फुफ्फुसावर व्रण धरणारे आजार, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका रुंदावून त्यांत कफ साचत राहणारा आजार), वर्षानुवर्षांचा दमा. या आजारांसोबत जगणारी माणसं आणि त्यांच्या घरचे मला जे विचारतात, ते इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत घेतलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं रोजचं काम श्वासाच्या रुग्णांसोबत चालतं. औषधं कोणती आणि किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. इथे विषय फक्त दिवसभरातल्या हालचालीचा आहे.

चार पावलं टाकली की धाप लागते. असं चालत राहिलो तर फुफ्फुसं आणखी खराब होतील ना?

नाही होत. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त माणसांना खुर्चीला खिळवून ठेवणारी भीतीही हीच. दम लागला की जीव घाबरा होतो, हे खरं आहे. पण चालल्यामुळे लागलेला आणि थांबल्यावर उतरणारा दम फुफ्फुसाला इजा करत नाही.

नुकसान होतं ते दुसऱ्या बाजूने. दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो. काही आठवड्यांतच मांड्या-पोटऱ्यांची ताकद उतरू लागते. अशक्त झालेले स्नायू थोड्याशा कामालाही लवकर आम्ल तयार करतात, ते रक्तात मिसळतं आणि शरीर जास्त श्वास मागू लागतं. म्हणजे फुफ्फुस होतं तिथेच असतं, तरी गेल्या वर्षी सहज पार होणाऱ्या अंतराला यंदा धाप लागते. माणूस म्हणतो, ‘आजार वाढला.’ आणि आणखी कमी चालतो. बाथरूमपर्यंत जाणंही जड झालेल्या कितीतरी रुग्णांची चाचणी घेताना मला दिसतं की फुफ्फुसाच्या मानाने पाय फार जास्त खचलेले आहेत. खचलेले पाय पुन्हा उभे करता येतात. या आजारात आपल्या हातात असलेली ही फार मोठी गोष्ट आहे.

फुफ्फुसं तर पूर्वीसारखी होणार नाहीत. मग हा आटापिटा कशासाठी?

हालचालीने स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकण्याच्या तपासणीचा आकडा वाढत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, नाहीतर तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून माणूस निराश होतो. बदलतं ते बाकीचं : तेवढ्याच कामाला लागणारा दम, थकवा, एका दमात चालता येणारं अंतर, मनाची उभारी. २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सीओपीडीच्या ३,८२२ रुग्णांवर झालेल्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामावर आधारलेल्या श्वसन-पुनर्वसनाने दम, थकवा आणि जगण्याचा दर्जा या तिन्हींत रुग्णांना जाणवेल इतकी सुधारणा होते, असं त्यात दिसलं. असं कार्यक्रमरूपी पुनर्वसन, म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन, साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा चालतं. तुमच्या डॉक्टरांनी ते सुचवलं नसेल, तर तुम्ही स्वतःहून विचारा.

रोजची हालचाल म्हणजे व्यायामच ना?

नाही. व्यायाम हा हालचालीचा एक भाग झाला. उठून दार उघडणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, झाडांना पाणी देणं, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणं, हे सगळं हालचालीतच येतं. सकाळी अर्धा तास व्यायाम करून उरलेला दिवस सोफ्यावर काढणारा माणूस मला काळजीत टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. पण सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत, ही जुनी अट त्यात नाही. श्वासाच्या रुग्णासाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. दोन मिनिटं चाललात, तर ती दोन मिनिटं जमा झाली.

आणि १५० हा आकडा ऐकून हातपाय गाळू नका. आज तुमची बेरीज २० होत असेल, तर तुमचा पुढचा मुक्काम २५ आहे.

कितपत दम लागलेला चालतो? कुठे थांबायचं हेच कळत नाही.

आम्ही बोर्ग नावाची शून्य ते दहाची मोजपट्टी वापरतो. शून्य म्हणजे दम अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त सहन होणारच नाही. रोजच्या चालण्यात ३ ते ४ च्या आसपास राहा. तेवढ्या दमात चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. गाणं म्हणता आलं तर थोडा वेग वाढवा. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल तर वेग कमी करा.

यापेक्षाही मी ज्याच्यावर भरवसा ठेवते तो प्रश्न असा : थांबल्यावर दम उतरायला किती वेळ लागला? पाच मिनिटांत श्वास जागेवर येत असेल तर काम झेपलं. दहा मिनिटांनंतरही धाप असेल, किंवा दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. सोडून द्यायचं नाही, कमी करायचं.

ताबडतोब थांबावं अशी लक्षणं कोणती?

छातीत दुखणं किंवा दाब येणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं, ओठ किंवा नखं निळसर पडणं, ठोके चुकल्यासारखी धडधड, नेहमीच्या उपायांनी न उतरणारी धाप. थांबा, बसा, मदत मागवा. यातलं काही थोड्याच वेळात ओसरलं नाही, तर तातडीची वैद्यकीय मदत घ्या, आणि ओसरलं तरी डॉक्टरांना कळवा.

काही गोष्टी चालायला निघण्याआधीच पाहायच्या असतात : ताप, कफाचा रंग बदलणं किंवा प्रमाण वाढणं, कफात रक्त, पायांवर नव्याने सूज. एकाच पोटरीत दुखून ती सुजली असेल, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा चालून मोकळं करायला जाऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

ऑक्सिमीटरवर आकडा खाली जातो. घाबरायचं का?

हालचालीत आकडा थोडा उतरणं या आजारांत नवल नाही. बऱ्याच केंद्रांत व्यायामादरम्यान तो ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबवतात, पण तुमच्यासाठी कोणता आकडा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

यंत्रालाही मर्यादा आहेत. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. त्वचा गडद असेल तर खरा ऑक्सिजन कमी असूनही यंत्र जास्त दाखवू शकतं. शिवाय बोटावरचा आकडा काही सेकंद मागे असतो, त्यामुळे सगळ्यात कमी आकडा बऱ्याचदा थांबल्यानंतर दिसतो. थांबल्या थांबल्या बोट काढून घेऊ नका, अर्धा-एक मिनिट राहू द्या.

अजून एक. दम आणि ऑक्सिजन हातात हात घालून चालत नाहीत. ९५ असताना प्रचंड दम लागलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ८४ असताना ‘मला काहीच होत नाहीये’ म्हणणारीही. पहिल्याला धीर द्यायचा असतो, दुसऱ्याला थांबवायचं असतं. पण दिवसातून पन्नासदा बोट त्या चिमट्यात घालून बसलात, तर तेवढ्याने जीव आणखी घाबरतो. चालण्याच्या आधी, मध्ये आणि नंतर पाहिलंत तरी पुष्कळ झालं.

दम लागला की नक्की काय करू? त्या क्षणी काहीच सुचत नाही.

म्हणूनच दम नसताना शिकून ठेवायचं. सीओपीडीत खरी अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. श्वासनलिका लवकर मिटतात आणि जुनी हवा आत कोंडून राहते. घाईने श्वास घेतले की आधीचा बाहेर पडायच्या आत पुढचा आत येतो आणि छाती फुगत जाते. मग वाटतं, श्वास आत जातच नाहीये. जागाच नसते, जाणार कुठे?

तेव्हा आधी हवा सोडा. नाकाने साधा श्वास घ्या, ओठांचा चंबू करा, आणि समोरच्या मेणबत्तीची ज्योत न विझवता नुसती हलवायची आहे अशा बेताने हळू फुंकर सोडा. घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. जोर लावून रिकामं करायला जाऊ नका, जोराने नळ्या आणखी मिटतात. चंबूमुळे आत थोडा दाब टिकतो आणि नळ्या उघड्या राहतात.

त्याच वेळी अंगाला आधार द्या. बसायला मिळालं तर किंचित पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेका. उभे असाल तर कठड्यावर किंवा टेबलावर हात टेका, नाहीतर भिंतीला पाठ लावा. हात टेकले की खांद्यांचे स्नायू हाताचं ओझं उचलण्यातून मोकळे होतात आणि श्वासाच्या मदतीला येतात. खांदे कानांपर्यंत चढले असतील तर खाली सोडा.

हातात धरायचा छोटा पंखा जवळ ठेवा. गार वारा नाकाजवळ, गालांवर आणि वरच्या ओठावर घेतला की चेहऱ्याच्या नसांतून मेंदूपर्यंत जो संदेश जातो, त्याने धाप लागल्याची जाणीव कमी होते. ऑक्सिजन त्याने वाढत नाही, पण घाबरगुंडी उतरायला एवढीशी वस्तू फार मदत करते.

अंघोळ आणि कपडे बदलणं एवढ्यानेच मी गळून जाते. बाकी हालचाल कधी करू?

अंघोळ हा श्वासाच्या रुग्णाचा दिवसातला सगळ्यात अवघड कार्यक्रम असतो, हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं. कोंदट वाफ, बंद दार, डोक्यावरून पाणी घेताना नकळत रोखलेला श्वास, वाकून पाय चोळणं, हात वर करून केस धुणं. हात खांद्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू दुसऱ्याच कामाला जुंपले जातात. वाकलं की पोट फुफ्फुसाखालच्या श्वासाच्या पडद्यावर दाबतं. दोन्ही गोष्टी एकाच दहा मिनिटांत!

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी अंघोळ एक दिवसाआड केली होती आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. आम्ही बाकी काही न करता पहिला आठवडा फक्त अंघोळीला दिला. बाथरूममध्ये न घसरणारं स्टूल ठेवलं. पाणी कढत न घेता कोमट घ्यायचं, दार किंवा खिडकी थोडी उघडी. सगळ्या वस्तू बसल्या जागी हाताशी. पाय धुवायला खाली वाकायचं नाही, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा. पाणी ओतताना श्वास सोडायचा. अंघोळ झाली की अंग पुसत उभं राहायचं नाही, टॉवेलच्या कापडाचा सैल झगा अंगावर घ्यायचा आणि पलंगावर बसून राहायचं. पाणी आपोआप टिपलं जातं. पाच मिनिटांनी कपडे, तेही बसूनच, आणि आधी कमरेखालचे. केस विंचरताना समोरच्या टेबलावर दोन उशा ठेवून त्यांवर कोपर टेकायचं आणि मान हाताकडे न्यायची. आठवडाभराने त्या रोज अंघोळ करू लागल्या, आणि उरलेल्या दमात संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या.

जी कामं करावीच लागतात त्यांतला दम वाचवायचा आणि तो चालण्यावर खर्च करायचा, एवढाच यातला हिशेब आहे. कामं बसून केली म्हणजे आपण आळशी झालो, असं मनात आणू नका.

जिना कसा चढू?

कष्टाच्या क्षणी श्वास सोडायचा, हा सगळ्या जड कामांचा नियम जिन्यालाही लागू. पायरीखाली उभं राहून श्वास घ्या, चंबूतून सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढा, थांबा, पुन्हा घ्या. कठडा धरा. पहिल्या पायरीपासूनच थांबत चढायचं. धाप लागल्यावर थांबायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. एका झपाट्यात वर जाऊन तिथे दहा मिनिटं धापा टाकण्यापेक्षा सावकाश चढलेला माणूस आधी बोलायला लागतो.

खाली वाकून वस्तू उचलताना, खुर्चीतून उठताना, जड दार ढकलताना हेच. नुसती फुंकर आणि जोर एका वेळी.

सुरुवात किती चालण्यापासून करू?

आज न घाबरता जेवढं होतं तेवढ्यापासून. मग ते पलंगापासून खिडकीपर्यंत का असेना. एका मिनिटात दम लागत असेल, तर एक मिनिट चाला, एक मिनिट थांबा, असं चारदा. थांबण्याचे थांबे आधीच ठरवा : इथे खुर्ची, तिथे कट्टा. आठवडाभर तेच सहज झेपलं तर एक मिनिट वाढवा. वेग वाढवायची घाई नको, आधी वेळ वाढू द्या.

फोन किंवा घड्याळ पावलं मोजत असेल तर आठवडाभर काहीही न बदलता नुसती मोजा आणि रोजची सरासरी काढा. दहा हजारांचा आकडा विसरा, तो तुमच्यासाठी नाही. सीओपीडीच्या रुग्णांत दिवसाला ६०० ते १,१०० पावलांची वाढही तब्येतीच्या दृष्टीने मोलाची ठरते. एवढी पावलं म्हणजे बहुतेकांसाठी दिवसभरात मिळून दहा-पंधरा मिनिटांचं चालणं.

चाकांचा वॉकर वापरायला लोक लाजतात. तो पुढे ढकलताना अंग किंचित झुकतं आणि हातांना आधार मिळतो, म्हणजे दम उतरवायची जी बैठक आहे तीच चालताना मिळते. त्यावर बसायची सोयही असते. पाय खचलेल्या आणि वाटेत सारखं थांबावं लागणाऱ्या माणसाचं अंतर वॉकरने वाढतं, हे मी रोज पाहते.

नुसतं चाललं तर पुरे नाही का?

चालणं उत्तम, पण पायांना ताकदीचं कामही हवं. खूप दम लागणाऱ्यांना मी उलट ताकदीपासूनच सुरुवात करायला सांगते, कारण त्यात एका वेळी थोडेच स्नायू राबतात आणि धाप कमी लागते. सगळ्यात सोपं : हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी घ्या, श्वास सोडत उठा, श्वास घेत बसा. पाचदा. जमलं तर हळूहळू दहादा. हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. याशिवाय टाचा उचलणं, आणि पाण्याची छोटी बाटली धरून हात वर-खाली. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, आणि या आजारांत तोलही जातो. म्हणून ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहण्याचा सरावही त्यातच करा.

मला ऑक्सिजन लावलेला आहे. मी तर बसूनच राहायला हवं ना?

ऑक्सिजन तुम्हाला हलता यावं म्हणून दिला आहे, बांधून ठेवायला नाही. डॉक्टरांनी दीर्घकाळाचा ऑक्सिजन सांगितला असेल, तर तो सहसा दिवसाला किमान १५ तास घ्यायचा असतो, आणि चालण्याच्या वेळी काढून ठेवणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. ‘थोडंच तर जायचंय’ म्हणून नळी काढतात, नेमकी गरज असते तेव्हा.

बसलेलं असताना आणि चालताना किती लिटर, हे वेगवेगळं असू शकतं. चालवून तपासून ते ठरवून घ्या. खांद्याला अडकवायची काही यंत्रं श्वासागणिक झटक्याने ऑक्सिजन देतात, ती बसलेल्या माणसाला पुरतात पण चालताना अपुरी पडू शकतात. म्हणून ते यंत्र लावूनच चालण्याची चाचणी करा. स्वतःच्या मनाने प्रवाह वाढवू नका. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते आणि ते धोक्याचं असतं. नळी पायात अडकून पडणं टाळायला ती नेहमी एकाच हातात गोळा करून धरायची सवय लावा. विस्तव आणि सिगारेट जवळपासही नको.

इन्हेलर चालण्याआधी घ्यायचा की नंतर?

लगेच आराम देणारा इन्हेलर डॉक्टरांनी दिला असेल तर त्यांना विचारून साधारण १० ते १५ मिनिटं आधी. बाहेर पडताना तो खिशात असलाच पाहिजे. रोजचा नियमित इन्हेलर त्याच्या ठरल्या वेळी.

जेवल्यावर चालू का?

पोटभर जेवणानंतर तासभर तरी थांबा. भरलेलं पोट पडद्याला खाली सरकू देत नाही.

बाहेरची हवा खराब असते, थंडी असते. तरी जायचं?

रस्ता निवडून जायचं. लंडनमध्ये साठीच्या वरच्या माणसांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवून पाहिलं. त्यांत सीओपीडीचे रुग्णही होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात बागेतल्या चालण्याचा फुफ्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना झालेला फायदा रस्त्यावर चालताना बराचसा पुसला गेलेला दिसला. सीओपीडीच्या रुग्णांना तिथे खोकला, कफ आणि धापही जास्त जाणवली. तेव्हा मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत सरका, वर्दळीची वेळ टाळा, धूर आणि धुकं साचलेल्या दिवशी घरातच फेऱ्या घाला. थंडीत नाका-तोंडावरून सैल मफलर घेतला की आत जाणारी हवा थोडी उबदार होते.

माझा आजार सीओपीडी नाही. मलाही हेच लागू का?

पाय, ताकद आणि हळूहळू वाढवण्याबद्दल जे सांगितलं ते सगळ्यांना लागू. काही फरक मात्र लक्षात ठेवा.

फुफ्फुसावर व्रण धरणाऱ्या आजारांत बसलेलं असताना सगळं ठीक दिसतं आणि चालायला लागलं की ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. अशांनी आकडा पाहतच चालावं, छोटे तुकडे पाडावेत, आणि चालतानाच्या ऑक्सिजनची गरज लवकर तपासून घ्यावी. ओठांच्या चंबूचा फायदा इथे तितका होत नाही.

दम्यात कधी कधी व्यायाम थांबवल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते. दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करून मग वेग घेतला तर हे कमी होतं. सारखंच होत असेल तर दमा नीट आटोक्यात नाही, औषधांचा फेरविचार करायला हवा.

ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये आधी कफ मोकळा करा आणि मग चाला. साचलेल्या कफानिशी चालणं म्हणजे अर्ध्या फुफ्फुसावर चालणं.

मी रोज प्राणायाम करतो, श्वास ओढून आतले तीन छोटे चेंडू वर उचलायचं ‘तीन गोळ्यांचं’ यंत्रही ओढतो. तेवढ्यावर भागेल का?

श्वास संथ करण्याचे प्रकार मन शांत करतात, ते करत राहा. पण दीर्घकाळ श्वास रोखणं आणि जोरजोरात झटके देणं ज्यात आहे ते प्रकार दम लागणाऱ्या माणसाने टाळावेत. गोळ्या वर उचलल्याने मांड्यांना बळ येत नाही, आणि दम कमी व्हायला मांड्यांचं बळच लागतं. यंत्राला दिलेल्या वीस मिनिटांतली दहा चालण्याला द्या.

आजार बळावून रुग्णालयात राहून आलो. आता विश्रांती किती दिवस?

जितकी वाटते त्यापेक्षा कमी. अंथरुणाला खिळलेल्या काही दिवसांतच मांड्यांची ताकद ढासळते, आणि सक्तीच्या विश्रांतीत ती परत येत नाही. घरी आल्यावर दर तासाला उठून खोलीभर चाला, जेवायला पलंगावर न बसता खुर्चीत बसा. घरी परतल्यावर तीन-चार आठवड्यांच्या आत पुनर्वसन सुरू केलं, तर पुन्हा दाखल व्हायची वेळ कमी येते. पूर्वीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पूर्वी जिथे होतो तिथे पोहोचायला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत बहुतेकांचा धीर सुटतो. घरच्यांनी पाठीशी उभं राहायची वेळ ती.

खोकताना, चालताना लघवीचा थेंब जातो म्हणून बाहेर जाणंच सोडलं आहे.

जुनाट खोकल्याने ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. बायकांना होतं, पुरुषांनाही होतं, आणि त्यासाठी व्यायाम आहेत. खोकायच्या आधी ते स्नायू आत-वर आवळून धरायला शिकलात तरी फरक पडतो. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला सांगा. आम्हाला हे ऐकायची सवय आहे, तुम्ही पहिले नाही.

नवरा-बायकोतली जवळीक सुरक्षित आहे का?

बहुतेकांसाठी हो. सावकाश एक-दोन जिने चढण्याइतकं ते काम समजा. पोटभर जेवणानंतर नको, दम लागला तर थांबा, छातीवर भार येणार नाही असं बसा-झोपा, आणि ऑक्सिजन असेल तर तो लावलेला असू द्या.

घरचे मला कशालाच हात लावू देत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मिळतो.

हे प्रेमापोटीच होतं, म्हणून त्याला नकार देणं जड जातं. पण दिवसातून आठवेळा पाणी प्यायला उठणारा माणूस आठवेळा खुर्चीतून उठतो, आठवेळा चालतो. तो पेला हातात आणून दिला की हा सगळा व्यायाम काढून घेतला जातो.

घरच्यांना मी सांगते, काम काढून घेऊ नका, वेळ द्या. त्यांना शर्टाची बटणं लावायला सात मिनिटं लागतात? लागू देत. शेजारी बसा, पण हात पुढे करू नका. आणि धाप लागली की ‘शांत हो, शांत हो’ असं म्हणत भोवती गर्दी करू नका. एकाने समोर बसून स्वतः चंबूने संथ फुंकर सोडायची. बघता बघता समोरच्याचा श्वास त्या लयीला लागतो.

चारचौघांतल्या लाजेबद्दलही घरी बोला. एक गृहस्थ फाटकापर्यंत गेले की हमखास फोन काढून पाहत उभे राहायचे. मुलीला वाटायचं, वडिलांना फोनचा नाद लागला. दम लागलाय हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून ते फोन काढत होते, आणि फोनचा पडदा बहुतेक वेळा काळाच असायचा. मुलीला हे कळलं, तेव्हापासून ती सोबत जाते आणि फाटकाशी तीही थांबते.

काही दिवस अगदीच वाईट जातात. त्या दिवशी काय?

त्या दिवसासाठी एक छोटं माप आधीच ठरवून ठेवा : खुर्चीतून पाचदा उठणं आणि घरातल्या घरात दोन फेऱ्या. तेवढं झालं की दिवस पूर्ण. पण सलग दोन दिवस तेवढंही जमलं नाही, किंवा कफ-ताप-धाप नेहमीपेक्षा वाढली, तर वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा.

फरक पडतोय हे कळेल कसं? किती दिवसांनी?

नियमित केलंत तर सहसा सहा ते आठ आठवड्यांत. दवाखान्यात आम्ही सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजतो, आणि साधारण ३० मीटरची वाढ ही खरी सुधारणा मानतो. घरी मीटर मोजायची गरज नाही. एक वही ठेवा. ठरलेल्या एकाच वाटेवर कितीदा थांबावं लागलं, थांबल्यावर दम किती मिनिटांत उतरला, आणि खुर्चीतून पाचदा उठायला किती सेकंद लागले, एवढंच तारीख घालून लिहा. रोज नाही, आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी.

पुढच्या भेटीला ती वही सोबत घेऊन या. आणि मध्येच सगळं सुटलं असेल तर तेही लिहा, कधी सुटलं आणि कशामुळे. हालचाल थांबली की मिळवलेलं बरंचसं वर्षभरात निसटतं, हे आम्हाला माहीत असतं. कुठे सुटलं ते कळलं, तर पुन्हा कुठून धरायचं ते सोबत बसून ठरवता येतं.